पाहुण्यांची यादी

नीश, २० ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग तुझ्या पायाची चौकशी. रागावू नकोस. तुझी मुलगी आजपासून वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्याची सुरक्षाप्रमुख आहे. पिवळं चकाकणारं जाकीट मिळालं, गळ्यात शिट्टी मिळाली आणि नियमांचं पुस्तक मिळालं. एकसष्ट नियम आहेत आणि मी ते जेवतानासुद्धा वाचते. मिलुंका म्हणते, हिने शरीरशास्त्र इतक्या प्रेमाने वाचलं असतं तर एव्हाना सर्जन झाली असती. मिलुंका म्हणजे माझ्या खोलीतली जोडीदारीण, व्रान्येची. तिकडच्या मिरच्या तिच्या जिभेवरच वाळत घातल्यात.

दारं कार्डाने उघडतात आणि आपलं कार्ड सख्ख्या बहिणीलाही द्यायचं नाही. विद्यापीठाची मेल सकाळ-संध्याकाळ बघायची, ‘पाहिली नव्हती’ हे कारण चालत नाही. विच्छेदनाच्या हॉलबाहेर फोन पेटीत ठेवायचा. घंटा झाली की हातातलं सगळं टाकून मागच्या लिंडनच्या झाडांखाली जमायचं आणि प्रत्येक मजल्याच्या प्रमुखाने डोकी मोजायची. आमच्या मजल्यावरची बेचाळीस डोकी आता माझ्या हवाली आहेत, आई. आरशात जाकीट चार वेळा बघून झालं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते. चौदा नोव्हेंबरला आपली स्लावा, आपल्या घराण्याच्या संतांचा सण. बाबा गेल्यानंतरची पहिली. त्याच दिवशी सकाळी माझी शरीरशास्त्राची तोंडी परीक्षा आहे, ती चुकली तर वर्ष गेलं. ल्युबोवियाला यायला सात तास लागतात. तू मावशीकडे पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेली, आपलं घर कुलपात. मग या वर्षी मेणबत्ती कोण लावणार?

माझ्यावरचा लोभ पायाच्या दुखण्यात विसरू नये.

तुझी,
कोसारा


ल्युबोविया, २५ ऑक्टोबर

चि. कोसारास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणतेस आणि ठेवतेस, पत्रात मात्र पूर्ण दिसतेस. सव्वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढलेल्या बाईला एवढं कळतं. जाकीट घालून एक फोटो पाठव. मावशीला वाटतंय तुला पोलिसात घेतलं.

मेणबत्ती तू लावायची. मावशीच्या घरचा संत निराळा, तिथे आपले दोघे आणून बसवले तर तिघांचीही पंचाईत. तुझे बाबा म्हणायचे, स्लावा भिंतींची नसते, जो उभा राहून मेणबत्ती लावतो त्याची असते. आणि आपले कोस्मा आणि दाम्यान दोघेही वैद्य, रुग्णाकडून दिडकी न घेणारे. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरींच्या घरात त्यांना परकं वाटायचं नाही.

बाबांच्या मधमाश्यांच्या शेवटच्या पोळ्यांचं मेण मी ठेवलं होतं. त्याची मेणबत्ती करून घेतली आहे. बसचा ड्रायव्हर रादोये गुरुवारी नीशला येतो, त्याच्याकडे देते. स्टँडवर जाऊन घे, आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस.

दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. स्लावेला कुणाला बोलवायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, यायचा तो येतो. बोलावून आणलेला पाहुणा आपल्या घराने आजवर पाहिला नाही. दुसरं, यजमानाने दिवसभर बसायचं नाही. बाबांचे पाय सुजायचे पण खुर्चीला हात लावायचे नाहीत, आठवतं ना?

पाय बरा आहे. प्लास्टरच्या आत खाजतं, त्यासाठी मावशीने विणायची सुई दिली आहे. तू डॉक्टरीण म्हणून ओरडशील, म्हणून सांगणार नव्हते.

आहेस तशीच राहा, आणि आम्हाला आठवत राहा.

तुझी आई,
देसांका


नीश, २ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

विणायची सुई आजच्या आज काढून टाक. उरलेलं नंतर ओरडते.

मेणबत्ती आली. कपाटात ठेवली आहे आणि अख्ख्या खोलीला आपल्या मधाच्या खोलीचा वास येतोय. मिलुंका येता-जाता कपाट उघडून हुंगते.

पण आई, जमत नाहीये. काल रेक्टर विदोसावाबाईंकडे गेले. या बाई म्हणजे नियमांच्या पुस्तकाला फुटलेले पाय. नियम चौदा, इमारतीत कुठेही ज्योत नाही, छताला धूर ओळखणारं यंत्र आहे. नियम बावीस, पाहुण्यांची नावं दोन दिवस आधी लेखी द्यायची. मी म्हटलं, नावं देता येणार नाहीत, कारण आम्ही कुणाला बोलवतच नाही. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, मग कुणाला आत सोडायचं हे फाटकावरच्या माणसाला कसं कळणार? मी म्हटलं, कळणार नाही, तीच तर रीत आहे. त्यांनी चष्मा परत लावला. भेट संपली.

मिलुंकाने बॅटरीची मेणबत्ती सुचवली. आधी मी तिच्यावर चिडले, मग आम्हा दोघींनाही हसू फुटलं. वरच्या मजल्यावरची एक मुलगी म्हणाली, त्या यंत्रावर प्लास्टिकची पिशवी बांध, सगळे तेच करतात. खरं सांगते, पिवळं जाकीट अंगात असताना मी ते पूर्ण मिनिटभर ऐकून घेतलं. बेचाळीस मुली माझ्या भरवशावर झोपतात आणि मी पिशवी कुठे मिळेल याचा विचार करत होते. पिशवी बांधणार नाही. सापडले तर खोली जाईल आणि खोली गेली की वर्ष गेलं, हे आहेच, पण त्यासाठी नाही.

मग बाबांची मेणबत्ती या वर्षी कपाटातच राहणार का? आजोबांच्या आजोबांपासून न चुकलेली गोष्ट माझ्या हातून चुकणार, हे मी कसं पचवायचं ते सांग.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

कोसारा


नीश, ८ नोव्हेंबर

श्रीमती देसांका यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. टपालाने आलेलं पत्र या कार्यालयात बऱ्याच वर्षांनी उघडलं, त्यामुळे उत्तरही हाताने लिहीत आहे.

आपण विचारलेल्या मुद्द्यांबाबत. नियम चौदा अन्वये इमारतीत मेणबत्तीस परवानगी देता येत नाही. नियम बावीस अन्वये यादीशिवाय पाहुणे आत घेता येत नाहीत. दोन्ही नियम मी स्वतः लिहिलेले आहेत आणि ते मोडणार नाही. एकदा या वसतिगृहात एका खोलीला आग लागली होती. मी तेव्हा इथे विद्यार्थिनी होते. एवढंच पुरे.

आपल्या माहितीसाठी, नोव्हेंबर महिन्यात संकटकाळी बाहेर पडण्याचा सराव होणं बंधनकारक आहे. दिवस आणि वेळ ठरवण्याचा अधिकार रेक्टरचा असून तो आधी जाहीर करता येत नाही. सरावात निवासी सर्व एकशे सेहेचाळीस विद्यार्थिनी लिंडनच्या झाडांखाली जमतात. ती जागा इमारतीपासून पंचवीस मीटर दूर असल्याने नियम चौदा तिथे लागू होत नाही. वाळूची बादली ठेवलेली असते. तिथे एक दगडी टेबल आहे. निवासी विद्यार्थिनी पाहुणे नसल्याने नियम बावीसही तिथे लागू होत नाही. सरावासाठी कुणालाही बोलावणं धाडलं जात नाही.

आपल्या कन्येला यातलं काही कळवू नये, ही विनंती. ती नियम पाळणारी मुलगी आहे. तिला माहीत असेल तर सराव खरा राहणार नाही.

पाय लवकर बरा व्हावा. आपला स्नेह या कार्यालयालाही लाभावा.

आपली,
विदोसावा, रेक्टर


नीश, १५ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

घाईघाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. तोंडी परीक्षेत नऊ मिळाले. ही बातमी पत्रात सगळ्यात छोटी आहे यावरून पुढचं ओळख.

परवा रादोयेने आणखी एक पोतं दिलं. स्लावेला शिजवून वाटायचा गहू, तोही चार किलो, आणि दीडशे लाकडी चमचे. मला वाटलं प्लास्टर तुझ्या डोक्यापर्यंत चढलं. आमच्या खोलीत दोघीच राहतो. पण आईने पाठवलं ते शिजवायचं, म्हणून मिलुंका आणि मी आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या. ती अक्रोड फोडत आणि मला शिव्या देत होती. सणाचा पाव मी भाजला, वरची कणकेची वेणी जरा वाकडी झाली. ठरवलं होतं की मेणबत्ती न लावता टेबलावर नुसती उभी करायची आणि बाबांची माफी मागायची.

परीक्षेहून आले तर साडेतीनला विदोसावाबाई स्वयंपाकघराच्या दारात. नियम नऊ, भांडी सामायिक ओट्यावर ठेवायची नाहीत, सगळं उचला. मी विचारलं, कुठे नेऊ? म्हणाल्या, खोलीत वास नको, मागच्या दगडी टेबलावर ठेवा. पातेलं, पाव, वाइन, चमचे, मेणबत्तीसुद्धा. आई, मी त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे जे मनात आणलं ते इथे लिहीत नाही, तू पोस्टातली बाई, तुला पत्र जाळावं लागेल. पातेलं उचलून नेताना मी रडत होते आणि मिलुंका मागून म्हणत होती, रड, पण बघून चाल, गहू सांडला तर मी पुन्हा अक्रोड फोडणार नाही.

चार वाजता घंटा झाली.

रडणं तिथेच राहिलं. जाकीट चढवलं, शिट्टी वाजवली, सगळी दारं ठोठावली. एक न्हाणीघरात होती, ती डोक्याला फेस लावून बाहेर आली. चार मिनिटांत माझा मजला झाडांखाली. डोकी मोजली तर एक्केचाळीस. पुन्हा मोजली, पुन्हा एक्केचाळीस. बेचाळिसावी आत राहिली आणि मी बाहेर उभी. मी परत दाराकडे पळणार तेवढ्यात विदोसावाबाईंनी माझ्या हातातली यादी घेतली, वरून खाली पाहिली आणि म्हणाल्या की यजमान स्वतःला पाहुण्यांत मोजत नाही हे खरं, पण सरावात मोजावं लागतं, तेव्हा आपलं नाव लिहा.

मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. वाळूची बादली पायाशी ओढली. म्हणाल्या, इथे चालतं.

मी बाबांची मेणबत्ती लावली, आई. उजेड उतरत होता, वारा अजिबात नव्हता. एकशे सेहेचाळीस मुली, कुणी चपलेत, कुणी पांढऱ्या कोटात, ती फेसवाली टॉवेलात, आणि त्यातल्या एकीलाही मी बोलावलं नव्हतं. सणाचा पाव दोघांनी धरून फिरवायचा आणि मोडायचा असतो, तो समोरून कुणी धरायचा? मी इकडेतिकडे बघत होते तर विदोसावाबाईंनी धरला. तीनदा फिरवला, मोडला, मोठा तुकडा माझ्याकडे आला. मग रांग लागली आणि मी गहू वाटत राहिले. एक मुलगी म्हणाली, आमच्या घरचेही हेच दोघे संत, पहिल्या वर्षापासून मी हा दिवस गुपचूप पोटात ठेवत होते. तिला मी दोन चमचे दिले.

दीड तास उभी होते. मिलुंकाने दोनदा बसायला सांगितलं. पाय सुजले आहेत आणि मला इतका आनंद होतोय की झोप येत नाही.

एकच कोडं राहिलं. घंटा नेमकी चारलाच कशी झाली? आणि दीडशे चमचे?

असाच लोभ ठेव. फार कामाला येतो.

कोसारा


ल्युबोविया, १९ नोव्हेंबर

चि. कोसारास,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मावशीला मोठ्याने, पण ती रडते म्हणून मला वाचता येईना आणि मी रडते म्हणून तिला ऐकू येईना. सुई काढली आहे.

कोडं मला विचारू नकोस. एकाच्या पत्रातलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या पोस्टाचा पहिला नियम. तू आता नियमांची माणूस झालीस, तुला पटेल.

ती डोकी मोजलेली यादी कार्यालयात जमा करायची असेल तर कर, पण आधी एक प्रत काढून घे. बाबा सणाच्या रात्री खरकटे चमचे मोजून सांगायचे किती आले ते. नावं कधी कुणी लिहिली नव्हती. आपल्या घरातली ती पहिली पाहुण्यांची यादी, आणि तिच्यात शेवटचं नाव तुझं आहे, ते मला बघायचं आहे.

एकदा आलेला पाहुणा पुढच्या वर्षी आपणहून येतो. तेव्हा गहू पाच किलो लागेल. अक्रोडाचं मिलुंकाला आत्तापासून सांगून ठेव, आणि तिला माझे आशीर्वाद.

तुझ्यावर जीव आहेच. तो असाच तुझ्याकडे येत राहील, पोस्टाने किंवा रादोयेच्या बसने.

तुझी आई

ता. क. पुढच्या वर्षी पाय धड झालेला असेल. नियम बावीसप्रमाणे माझं नाव विदोसावाबाईंकडे दोन दिवस आधी लिहून दे. मला मात्र कळवू नकोस. मी न बोलावताच येणार आहे.