रिटायर झालेला माणूस

गुढियारी, रायपूर

प्रिय यशदीप,

जयभीम. लोणचं पाठवायला तू पहाडातल्या त्या गावाचा पत्ता दिलास, म्हणून बरणीसोबत हे पत्रही टाकते आहे. फोनवर मनासारखं बोलता येत नाही. तुझे बाबा शेजारी कान लावून बसतात, आणि तुझं नेटवर्क नेमकं माझ्याच वेळेला जातं.

तुझे फोटो पाहिले. ओढ्यात पाय सोडून बसला आहेस, तेही मंगळवारी भर दुपारी! बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडलीस तेव्हा तू मला समजावलं होतंस, की आता जमवलेला पैसाच तुझ्यासाठी कामावर जातो. मी म्हटलं, चला, घरातलं कोणीतरी कामावर जातंय. पण खरं सांगू, मला अभिमान वाटला. तुझ्या बाबांची रिटायर व्हायची तारीख ते नोकरीला लागले त्याच दिवशी रेल्वेने ठरवून टाकली होती. तुझी तू ठरवलीस. सांचीला जायचं, गच्चीवर भाजी लावायची, सगळं त्यांनी त्या तारखेनंतरसाठी राखून ठेवलं, आणि आता गच्चीचा जिनाच चढवत नाही. काल पायाला तेल चोळता चोळता म्हणाले, "पोट्ट्यानं गुडघे शाबूत असतानाच सुट्टी घेतली. मले काहून नाही सुचलं?"

पेन्शन वेळेवर येते, त्याबद्दल कुरकुर नाही. पण माणूस अजून वर्कशॉपातून सुटलेला नाही. दुपारी ताटात वाढलं तर जेवल्यासारखं वाटत नाही म्हणतात, म्हणून मी आजही डबा भरते आणि ते ओसरीवर बसून तो उघडतात. माझ्या रिटायरमेंटचं विचारू नकोस. ती रेल्वेनेही ठरवली नाही आणि मीही नाही.

लहानपणी तू दाराशी बसून विचारायचास, बाबा केव्हा फिरायला नेणार? मी म्हणायचे, सुट्टी मिळाली की. पुढे तू नोकरीला पुण्याला गेलास, घरी केव्हा येणार असं मी विचारू लागले, आणि तेच उत्तर तू मला देऊ लागलास. मला वाईट वाटायचं, पण तुझा राग यायचा नाही. तुझ्या साहेबाला मनातल्या मनात शिव्या घातल्या की बरं वाटायचं. आता तुला कोणाकडे सुट्टी मागायची नाही, यांनाही नाही. घरात वेळच वेळ आहे आणि तू नाहीस. फार आठवण येते रे. आता शिव्या तरी कोणाला घालू?

तू ताईजवळ बोललास म्हणे, की बाबा नाराज आहेत. नोकरी सोडल्याचं सांगितलं तर एक शब्द बोलले नाहीत, फोन आईच्या हातात देऊन निघून गेले, मग कोणत्या तोंडाने येऊ? तेवढ्यासाठी हे पत्र. त्या दिवशी काय झालं ते ऐक.

आपल्याकडे रिटायर होणं म्हणजे काय, ते तू पाहिलं आहेस. बाबांना वर्कशॉपच्या लोकांनी हार घालून, जीपमध्ये बसवून, ढोल वाजवत घरापर्यंत पोचवलं होतं. मी दारात उभी होते. नोकरी संपते आणि माणूस घरी येतो, एवढंच आम्हाला ठाऊक. तू फोनवर म्हणालास, मी रिटायर झालो. आम्ही दोघांनी ऐकलं, की तू घरी येतोयस. बाबा बोलले नाहीत, कारण त्यांना बोलवेना. ते तडक गोलबाजारात गेले आणि झेंडूचा हार घेऊन आले. मी तुझी खोली झाडून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीच्या वेळेला हार पिशवीत घालून ते स्टेशनवर गेले. "त्याले घरी पोचवाले कोनी नाही तिकडं, मीच आनतो," म्हणाले. पिशवी तशीच घेऊन परत आले. संध्याकाळी तुझा पहाडात पोचल्याचा फोटो आला.

तो हार वाळून गेला, तरी मला टाकू देत नाहीत. तू येतोस तेव्हा आधी परतीचं तिकीट काढून ठेवतोस. या वेळी फक्त येण्याचं काढ आणि गाडीची वेळ बाबांनाच कळव. ताजा हार ते आणतील.

तुझीच,
पुन्हा दारात उभी राहायला तयार असलेली
आई