रांचीची असुंता

असुंता,

हॉकीचा पहिला सामना जिंकल्यावर टीव्हीवाल्यांनी तुला विचारलं, "तुम्ही कुठल्या?" तू म्हणालीस, "रांचीची." चर्चच्या आवारात आपलं अख्खं जामटोली गाव ते बघत होतं. जोहान काका बाबाला हसला, "झाली का तुझी पोर शहराची?"

बाबा म्हणाला, "जामटोली त्यांना काय कळणार? सोपं जावं म्हणून बोलली ती."

उपांत्य सामन्याच्या सकाळी बाबा गेला. ताप डोक्यात चढला होता, तरी बजावत होता, "शेवटचा सामना होईस्तोवर तिला कळवू नकोस, मगदली. परदेशात एकटी रडेल पोर."

दुपारी आम्ही त्याला माती दिली. संध्याकाळी तू गोल केलास तेव्हा कुणी मांदर वाजवला नाही.

मग तुझा फोन आला. "बाबाला दे ना."

"बाजाराला गेलाय," मी म्हटलं.

तू हळूच म्हणालीस, "मी रांची म्हणाले म्हणून रागावलाय ना? खरं सांग, दीदी."

तो रागावला नव्हता, एवढं तरी सांगायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर हुंदकाच फुटला असता. मी फोन ठेवून दिला.

आता तू तेच खरं धरून उद्या मैदानात उतरशील.

तुझी दीदी,
मगदली