चार वाट्या पाणी

प्रिय याहुई,

तुझ्या सासऱ्यांच्या शंभराव्या दिवसाचा विधी आठवड्यावर आलाय. इथे ताइनानात अजून उकडतंय. आपल्या गल्लीत डेंग्यूचे आणखी दोन रुग्ण निघाले, वॉर्डप्रमुख सकाळपासून भोंग्यावरून "साठलेलं पाणी ओतून टाका" म्हणून घसा फोडतो. तू ताइचुंगला माहेरी गेल्यापासून चिहाओ माझ्याशी कामापुरतंच बोलतो. आईपुढे बायकोची बाजू घेता आली नाही, हे त्याला खातंय.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे तू किती वेळा सांगितलंस! मी तुला मोठी शहाणी म्हणून हिणवलं. तुझ्या सासऱ्यांची मच्छरदाणी मी रोज रात्री नीट खोचायची, आणि दुपारी ते स्वयंपाकघरात, वारा येतो म्हणून, उघड्या अंगाने बांबूच्या खाटेवर घोरायचे. खिडक्यांना जाळ्या तू बसवल्यास. तू दिलेला लांब बाह्यांचा सदरा ते तुझी पाठ वळली की काढायचे, आणि मी हसायची.

अंत्यविधीला सगळ्या नातलगांसमोर मी तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या फुलदाणीने माझा माणूस खाल्ला." तू तिच्यात शोभेचा बांबू पाण्यात ठेवायचीस, एवढाच माझा पुरावा. ती फुलदाणी तू दर रविवारी घासायचीस, हे मला ठाऊक होतं. तू मान खाली घालून माहेरी निघून गेलीस.

खाऊच्या जाळीच्या कपाटाचे पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, त्यांच्या शेंगदाण्याच्या वड्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून. माझी सासूही तेच करायची. पाणी आटलं की वरून ओतायचं, वाट्या कधी घासल्या नाहीत. डासांच्या अळ्या शोधायला तपासणीवाले बॅटरी घेऊन आले, तेव्हा मी कपाटापुढे तांदळाची पोती सरकवली. माझ्या स्वयंपाकघरात परक्याने काय बघायचं, हा तोरा.

मागच्या वाटीत अळ्या वळवळत होत्या. खाटेपासून दोन हातांवर. त्या मी आता पाहिल्या असं तुला वाटेल. नाही गं. ते हॉस्पिटलात असताना, त्यांच्यासाठी वड्या काढताना पाहिल्या, पाणी मोरीत ओतलं आणि गप्प बसले. पाच दिवसांनी तुझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं.

विधीच्या दिवशी त्यांच्या फोटोसमोर त्या चार वाट्या मांडून सगळ्यांदेखत हे सांगणार आहे. चिहाओला आज सकाळीच सांगितलं. तो अजून जेवलेला नाही. माफी मागायचं तोंड मला नाही. पण मी बोलेन तेव्हा तू तिथे असावंस, मान वर करून, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तुझीच अपराधी,
सासू