उंडीखालचा कट्टा

१२ मार्च
आले बाई एकदाची सासरी! फोंडाघाट उतरताना कानात दडे बसले ते मसुऱ्यापर्यंत सुटले नाहीत, आणि मेला जितेंद्र माझ्या तोंडाकडे बघून हसतोय. घरात माणसं किती, तर सासरे. त्यांना सगळे भाई म्हणतात, मीही तेच म्हणते. पोचल्या पोचल्या गरम पेज पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, ह्यां घर तुझांच बाय, कोणाक भियां नको. मी कोल्हापूरची, मी कशाला भिते!

जितेंद्रने स्वयंपाकघर दाखवायच्या आधी मला ओढत मागे नेलं. खाडीच्या काठाला उंडीचं झाड आणि त्याखाली चिऱ्यांचा कट्टा. जहाजावर करमेनासं झालं की डोळे मिटून तो मनाने इथे येऊन बसतो म्हणाला. दहा दिवसांनी पुन्हा जायचंय त्याला. मी मनात ठरवलं, हा कट्टा रंगवून त्याच्यासोबत द्यायचा. फोटो काय, मोबाईलमध्ये पडून राहतात.

१५ मार्च
चित्रकार मिळाला. सत्यवान नाव. गणपती रंगवतो, दशावताराचे पडदे करतो. कट्टा बघून खूश झाला, पण ब्रश काढायच्या आधी म्हणे जागेवाल्याला गाराणं घाला. जागेवाला म्हणजे ती जागा राखणारा. त्याला असं गाराणं घालून, हात जोडून विचारल्याशिवाय इथे काही करत नाहीत. गाराणं घालायचे भाई, आणि भाई तर मुंबईला लेकीकडे डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेत. जितेंद्रला विचारलं तर गंमत जाणार. म्हटलं, मीच घालते, त्यात काय!

नारळ ठेवला, विडी ठेवली, हात जोडले आणि मनापासून म्हटलं, बा जागेवाल्या, माझ्या जितूला ही जागा सोडवत नाही, तर तूच या चित्रात बस आणि त्याच्यासोबत जा. जाईल तिथे त्याला सांभाळ. वर बाकीच्यांनी म्हणायचं ‘व्हय म्हाराजा’ही माझं मीच म्हणून टाकलं. सत्यवानचा चेहरा पडला. वयनीनू, ह्यां काय मागलास, एवढंच बोलला. नवऱ्यासाठी मागितलं, वाईट काय मागितलं?

२२ मार्च
चित्र इतकं सुरेख झालंय! जितेंद्रचे डोळे भरून आले. कट्ट्यावर सावलीत कुणीतरी टेकून बसल्यासारखं वाटतं. मी सत्यवानचं कौतुक केलं, तर म्हणाला ते मी काढलेलं नाही. चित्राची गुंडाळी घेऊन जितेंद्र गेला. घर खायला उठतंय.

२९ मार्च
भाई आले, काळा चष्मा लावून ऐटीत. दुपारी मागे गेले आणि पाणी कोणी ओतलं म्हणून विचारत आले. सुकती होती, खाडी पार खाली गेलेली, ऊन रणरणतंय आणि कट्टा ओलाचिंब. मी नाही ओतलं.

३ एप्रिल
जितेंद्रचा मेसेज. चित्र केबिनमध्ये लावलंय. काल दोरखंड तुटला, शेजारच्या माणसाचा हात गेला. याला कुणीतरी मागून कॉलर धरून ओढलं. वळून बघतो तर मागे कुणी नाही.


४ एप्रिल
भाईंना सगळं सांगितलं. काय शब्द बोललीस ते पुन्हा पुन्हा विचारलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. गो बाय, म्हणाले, जागेवालो हयसर खाडयेतल्याक आडवूक बसलेलो.
खाडीतला कोण, ते सांगेनात. त्यांचा धाकटा भाऊ बापू लहानपणी अशाच भर दुपारी हाकेला ओ देऊन गेला, तो आलाच नाही. मागून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, अशी शपथ घातली मला.

९ एप्रिल
ओल खळ्यात, अंगणातच आली. तुळशीपाशी. उन्हात सुकत नाही. चिखलाचा वास, जेवण जात नाही.
सत्यवान म्हणतो, ज्याने धाडलं त्यानेच परत बोलवायचं. पुन्हा गाराणं घाला. मी नारळ घेऊन बसलेसुद्धा. तेवढ्यात जितूचा मेसेज. समुद्र खवळलाय, जहाज आडवं होतंय, पण घाबरू नकोस. केबिनच्या दाराशी एक म्हातारा काठी घेऊन उभा आहे, तो असला की भीती वाटत नाही.
नारळ ठेवून दिला. कसा बोलवू?
भाईंनी बघितलं. डोक्यावर हात ठेवला. माझ्या झिलाकडेच रवांदे त्येका, म्हणाले, आपल्या लेकासाठी.

११ एप्रिल
दुपारी भाई उठून चालायला लागले. बापू हाक मारता, म्हणाले. हात धरून आणलं. मागचं दार लावलं. कडी, वर लाकडी आडणा.
पडवी ओली—

१२ एप्रिल
भाई नाहीत. कडी आतून तशीच. आडणा तसाच. चपला कट्ट्यावर.
गाव खाडीत शोधतंय. माझ्यामुळे. माझ्यामुळे झालं हे.

१३ एप्रिल
सत्यवान रस्त्यावरून ओरडतोय— बोलवा त्याला, वयनीनू, अजून बोलवा—
जितू अजून वादळातच. मागच्या दाराशी भाई. भाईंचा आवाज. पेज देताना होता तसाच मऊ. दार उघड गो बाय—
ओ द्यायची नाही.
नारळ समोर आहे. दोन शब्द बोलायचे फक्त. मग तिकडे दाराशी कोण उभं राहील?
सत्यवानला खिडकीतून सांगितलं, नाही बोलवत. जा.
जितूला लिहिलं, घरी सगळं ठीक. भाई झोपलेत. ते चित्र भिंतीवरून कधी काढू नकोस. कधीच—
आता हाक बाहेरून नाही. घरातून. पाय ओले झाले माझे, खुर्चीवर आहे तरी—
जितू, तू नीट रा