डाव्या चाकाचं बेअरिंग

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा समजू नका. गेले कित्येक रविवार मी बाबांच्या ट्रकखाली आडवाच असतो. त्यातला एखादा आपल्या नावे धरावा.) आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिलं, मग वाटलं, हे खरं आहे का? तर बाकीचे ठीक आहेत. मी दमलो आहे.

बाबांचा ट्रक आपण पाहिलेलाच आहे. लष्करानं मोडीत काढल्यावर बाबांनी लिलावात घेतलेला आणि आईनं ज्याला आयुष्यभर ‘सवत’ म्हटलं, तोच. आई गेल्यापासून बाबा त्या घरात एकटे आहेत. मध्यंतरी पायरीवरून पडले, तेव्हा हिनं आमची मागची खोली रिकामी केली, पलंग टाकला, पडदे शिवले आणि मला म्हणाली, “आता घेऊन या त्यांना. नाहीतर रोज रात्री फोन वाजला की माझं काळीज हलतं.” बाबांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, “येतो. पण ट्रक बरोबर येईल, आणि स्वतःच्या चाकांवर येईल. दुसऱ्या गाडीवर आडवा घालून न्यायला तो काय मढं आहे?” बाबांनी एकदा शब्द दिला की तो फिरत नाही, हे आपण जाणताच. फिरत नव्हतं ते पुढचं डावं चाक. त्याचं बेअरिंग गेलं होतं. ट्रक हातभर पुढे ढकलला तरी जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज यायचा. म्हणजे काम सरळ होतं. बेअरिंग आणायचं, की बाबा आले.

बाबांनी ते खोलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “हे दाखवून असंच दुसरं आण.” मामा, इथे माझा स्वभाव आडवा आला. ते इतकं काळं, ओशट होतं की असली वस्तू कुणाच्या काउंटरवर ठेवायची म्हणजे मला कसंतरीच वाटलं. मी ते रॉकेलमध्ये भिजवलं, ब्रशनं घासलं, आणि तरीही कडेला काही बारीक ओरखडे दिसत होते ते पॉलिश पेपरनं बसून उडवले. चांदीच्या वाटीसारखं लखलखत होतं. दुकानदारानं ते उलटंसुलटं करून विचारलं, “साहेब, नंबर कुठाय याचा?” तेव्हा कळलं की ते ओरखडे नव्हते. बेअरिंग नंबरावरूनच शोधतात. तो कडेलाच कोरलेला असतो. “घासला,” मी म्हणालो. “का?” “स्वच्छ दिसावं म्हणून.” त्यानं आतल्या नोकरांना हाक मारली, “अरे, बाहेर या रे! स्थळ दाखवायला आणल्यासारखं नटवून आणलंय बघा!” सगळे आले. एकानं त्यात तोंड बघून केस सारखे केले. मी “जरा येतो” म्हणून बाहेर पडलो तो थेट बस स्टॉपवर. बेअरिंग राहिलं काउंटरवर. परत जाऊन मागायचा धीर झाला नाही. (बस आल्यावर मी स्वतःला विचारलं, हा भित्रेपणा की स्वाभिमान? बस सुटली तरी उत्तर ठरलं नव्हतं.)

त्यानंतर मी नमुन्याशिवाय शोधत होतो. म्हणजे दोन्ही हातांनी “एवढं” असं दाखवत. लष्करी गाड्यांचे सुटे भाग मागवणाऱ्या एका ऑफिसात गेलो. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं पाणी दिलं, ट्रकचं मॉडेल लिहून घेतलं आणि अशी किंमत सांगितली की तेवढ्यात दुसरा ट्रक आला असता, ड्रायव्हरसकट. मी विचारलं, थोडं स्वस्तातलं काही? तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, “दुरुस्तीपेक्षा तो बागेत शोभेला ठेवा ना.” मग भंगारबाजार. तिथे एकानं पोत्यातून बरंचसं तसंच दिसणारं एक काढलं. भावही परवडणारा होता. घ्यायचं आणि निघायचं, एवढं साधं मला जमू नये? मी विचारलं, “हे चोरीचं तर नाही ना?” त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “इथलं बाकी सगळं चोरीचं आहे,” तो म्हणाला, “हे एकच नाही. म्हणून आता दुप्पट.” दुप्पट देऊन घेतलं. बाबांनी ते कानाशी धरून फिरवलं आणि मांजराच्या दुधाच्या ताटलीखाली टेकण म्हणून सरकवलं.

दर रविवारी मी रिकाम्या हातानं जायचो, ट्रकखाली शिरून बाबा सांगतील ते नट आवळायचो, ग्रीस लावायचो, जेवायचो आणि परत यायचो. ही विचारायची, “मिळालं?” मी म्हणायचो, “नाही.” तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नसे.

शेवटी गेल्या आठवड्यात लाज गिळून पहिल्याच दुकानात गेलो. दुकानदार मला पाहताच म्हणाला, “कुठे होता इतके दिवस? तुम्ही पळालात त्याच संध्याकाळी मापं घेतली मी. साध्या ट्रॉलीच्या चाकाला लागतं तेच आहे. काढून ठेवलंय, धूळ बसली त्यावर.” चपलेच्या किमतीत मिळालं. जुनंही परत दिलं. (ते तो कागद उडू नयेत म्हणून वापरत होता. मला त्याचा राग आला नाही, याचंच आश्चर्य वाटतंय.)

पिशवी घेऊन तडक बाबांकडे गेलो. घरात कुणी नव्हतं. बाबा ट्रकच्या केबिनमध्ये स्टिअरिंगमागे बसले होते, शेजारी त्यांचे शेजारचे कंपाउंडर, दोघांच्या हातांत चहाचे पेले. कंपाउंडर म्हणत होते, “पुढे घाट आहे, जपून.” बाबा म्हणाले, “मला नका शिकवू, तुम्ही फक्त खिडकीबाहेर बघा.” आणि त्यांनी खरोखर गिअर बदलला. हे रोज चालतं म्हणे, सकाळ-संध्याकाळ. मला पाहून बाबांनी विचारलं, “मिळालं का रे?” विचारताना त्यांचा हात गिअरवरच होता. मी म्हणालो, “बघतोय.” (पिशवीत हात घालून मी त्याकडेच बघत होतो, तेव्हा हे शब्दशः खोटं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. ती अजून नीट पटलेली नाही.) बाबा म्हणाले, “बघ, बघ. सावकाश बघ. चढ मागे, वर बस.” मी मागे चढलो.

असो. थकवा आहे, बाकी काळजी नसावी. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला भाचा

ता. क. : या पत्राबरोबर एक जड पार्सल आहे. ते उघडू नये. कपाटात खालच्या खणात, कपड्यांपासून दूर ठेवावं, ग्रीस पाझरतं. आणि हिचा फोन आला तर ‘मी पण इकडे चौकशी करतोय, अशी वस्तू दुर्मिळ असते’ एवढं आपण म्हणावं. मला खोटं बोलता येत नाही, आपल्याला उत्तम येतं, असं आई नेहमी म्हणायची. बाबांच्या पडण्याची भीती मलाही आहे. म्हणून कंपाउंडरांना घराची किल्ली दिली आहे, पायरीला कठडा बसवतो आहे, आणि रविवारी बेअरिंगच्या शोधात मी जातोच. तो शोध आता लवकर संपेल असं वाटत नाही.

ता. क. २ : पार्सल मला नीट बांधता येईना, म्हणून सुतळी बाबांकडे मागितली. आत काय आहे ते मी सांगितलं नाही. त्यांनी ते हातावर तोललं, कानाशी नेऊन एकदा हलवलं, माझ्याकडे पाहिलं. मग स्वतः बांधून दिलं. गाठ अशी आवळली आहे की सुरीशिवाय सुटायची नाही. म्हणाले, “मामाला लिही, परत पाठवायची घाई करू नकोस म्हणावं.”