शिट्टीचा पेपर

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आईला निराळा, कारण हे पत्र ती तुमच्या आधी फोडणार हे मला माहीत आहे.

मी बरी आहे. खोलीतला नळ पुन्हा गळतोय. घरमालकीणबाई "बघते हं" म्हणतात आणि खरंच नुसतं बघून जातात. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने दुप्पट झालेत. दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून बोटांना डिंकाचा वास येतो. परत आले की जेवायचाही कंटाळा येतो. पण जेवते. आई, जेवते गं.

बाबा, हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेचा निकाल लागायचाय असं मी फोनवर तीनदा सांगितलं. तो परीक्षेच्याच दिवशी संध्याकाळी लागला होता.

लेखी पेपरात पास झाले. वीज, नियम, सगळं नीट. मोर्स ऐकून लिहायच्या पेपरात नापास. काठावर वगैरे नाही, चांगली आपटले.

कशी, ते सांगते. आम्ही सात जण होतो. कानाला हेडफोन लावले आणि शिट्टी सुरू झाली. आखूड शिट्टी, लांब शिट्टी. मी पेन्सिल धरून 'कट्'ची वाट बघत बसले. तुमच्या तारयंत्रात दांडी खाली आपटते तेव्हा एक कट्, वर जाते तेव्हा दुसरा, आणि दोघांमधली शांतता मोठी की छोटी यावर अक्षर. इथे आवाज हेच अक्षर, शांतता म्हणजे काहीच नाही. मी शांतता वाचायला शिकले होते, बाबा. शेजारचा मुलगा भराभर लिहीत होता आणि मी रिकाम्या जागा ऐकत होते.

इथल्या रेडिओ क्लबच्या सेक्रेटरींनी चार महिन्यांपूर्वीच शिट्टीच्या टेपा देऊ केल्या होत्या. मी ऐटीत म्हणाले, "नकोत. आमच्या घरातच मास्तर आहेत." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही केवढे हसलात! "शिट्टी काय, ट्रॅफिक पोलीसही वाजवतो," म्हणालात. मीही हसले.

परीक्षक बाईंनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, "जुन्या तारयंत्रावर शिकलात का?"

"कसं ओळखलंत?"

"चुका नेमक्या त्याच आहेत. कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. ते तारमास्तर होते."

त्या म्हणाल्या, "चांगलं शिकवलंय त्यांनी. पण आधी ते विसरा, मग या."

फोनवर हेच वाक्य माझ्या तोंडून निघेना. तुमच्या ऑफिसातलं तारखातं बंद झालं त्या संध्याकाळी तुम्ही यंत्र घरी आणून टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "आता हे कुणाला हवंय?" मी कॉलेजात होते. "मला," म्हणाले. तो शब्द देताना मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

परवा आई म्हणाली, तुम्ही माझ्या रेडिओच्या एरियलसाठी गच्चीवर पाइप उभा केलात आणि न्हाव्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. न्हावी म्हणे विचारत होता, "पदवी झाली, नोकरी लागली, आता हे कशाला?" तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत ते आईने सांगितलं नाही. पाइपचं ऐकलं तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच.

पुढची परीक्षा जानेवारीत आहे. फॉर्म भरला. इथे सोबत आणलेलं तुमचं यंत्र कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलंय, आणि कामावरून आले की तासभर टेपा ऐकते. डोकं भणभणतं. मंगळवारी पहिल्यांदा एक अख्खा शब्द न अडखळता कानात शिरला. इतका आनंद झाला की तुम्हाला वाजवून दाखवावा तसा यंत्रावर वाजवायला ट्रंक उघडली. दांडीवर बोट ठेवलं आणि मला साधा 'एफ' आठवेना.

नापास झाले हे सांगणं एवढं जड नव्हतं. पास व्हायचं तर तुम्ही शिकवलेलं पुसावं लागतंय, आणि ते पुसलं जायला लागलंय. मी थांबवणार नाही. तुम्हाला विचारतही नाही, सांगतेय.

आईकडून निरोप नको. तुम्हीच लिहा, रागावूनच लिहा.

अजूनही तुमचीच शिष्या म्हणवणारी,
धाकटी