कडीवर ठोकलेली पाटी

प्रिय फरामर्ज़दादा,

सलाम. तुझी तब्येत, वहिनीचे गुडघे आणि तेहरानची हवा ही तिन्ही सुधारत असतील अशी आशा करते (तिसऱ्याची जरा कमीच). इकडे मेबोदला सगळे मजेत आहेत. फक्त मी घरासकट राष्ट्राच्या ताब्यात गेले आहे.

आपल्या दाराला दोन कड्या. जड दणक्याची पुरुषांनी वाजवायची, किणकिणणारी बायकांनी. आवाजावरून डोकं झाकायचं की नाही ते ठरतं. उन्हाळ्यात सरकारी वारसा कार्यालयाची माणसं आली आणि 'संरक्षित वास्तू, बदल करू नये' ही पाटी नेमकी बायकांच्या कडीवर ठोकून गेली. तेव्हापासून अख्खा मोहल्ला पुरुषांची कडी बडवतो. दिवसातून वीसदा मी डोकं झाकून धावावं, तर दारात शेजारची गुलअंदाम, हातात रिकामी वाटी! शेवटी मी झाकायचंच सोडलं.

हेही सोसलं असतं. पण मागाच्या खोलीवरच्या घुमटाला तडा गेलाय. माग जमिनीत पक्का गाडलेला, त्यावर मशिदीची सतरंजी अर्धी विणलेली. एक पाऊस, आणि सहा महिन्यांचं काम गाळात. परवानगीचा अर्ज केला, तो चार महिने घोरतोय. म्हणून रविवारी उस्ताद लुत्फुल्ला गवंड्यांनी माती-भुसा कालवला आणि आम्ही नेहमीसारखा घुमट लिंपायला घेतला. तेवढ्यात दणका. मी कोपरापर्यंत चिखलात. दार उघडून, "आलीस का भवाने? धर!" म्हणत भरली बादली पुढ्यातल्या हातात कोंबली.

हात वारसा कार्यालयाच्या शकीबासाहेबांचे होते.

मी हाताला लागलेलं पोतं डोक्यावर ओढलं. साहेब म्हणाले, "बाई, हा वास्तूत बदल आहे. गुन्हा!"

वरून उस्ताद गरजले, "साहेब, चारशे वर्षं हा घुमट चिखल खाऊन जगलाय. तुम्ही त्याला उपास घडवताय!"

"तज्ज्ञ वसंतात येतील."

"आणि पाऊस?" मी विचारलं.

"तो विषय आमच्याकडे येत नाही."

पश्चिमेला गडगडलं. साहेबांनी आभाळाकडे पाहिलं, घुमटाकडे पाहिलं आणि बादली घेऊन मुकाट्यानं शिडी चढले. अशा तेरा बादल्या! तडा बुजला, सर आली, सतरंजी कोरडी राहिली. मग त्याच घुमटाखाली उभं राहून, चिखलाच्या हातांनी, या माणसानं माझ्यावर नोटीस लिहिली! दादा, याला म्हणतात संरक्षण!

तुझी संतापलेली,
महलका

ता. क. नोटीस घरमालकाच्या नावे निघते, आणि कागदोपत्री मालक तू. पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे. एक दिवस आधीच ये, आणि जुने कपडे आण. अर्धा घुमट अजून बाकी आहे.

ता. क. आणखी एक. साहेबांचे बूट आपल्या चिखलात कामातून गेले. आज त्यांच्या कार्यालयाच्या पायरीवर नवा जोड ठेवून आले, नाव न लिहिता. घुमटावर त्यांचं पाऊल उमटलं होतं. उस्तादांनी ते बुजवायच्या आधी मी दोरीनं माप घेतलं.